हौशी रेषा आणि तिचे निमित्त

‘हौशी’ हे विशेषण नाटकाला लावले की मराठीत त्याला एक प्रतिष्ठा असते. चित्राला लावले की ती राहत नाही. हौशी रंगभूमी म्हटले की १९५४ पासून चालत आलेली राज्य नाट्यस्पर्धा आठवते, कचेरी सुटल्यावर तालमीला धावणारी माणसे आठवतात, त्या स्पर्धेतून पुढे आलेले नाटककार आणि नट आठवतात. हौशी चित्रकार म्हटले की मात्र निवृत्तीनंतर कॅलेंडरावरची निसर्गदृश्ये उतरवून काढणारे कोणी तरी काका डोळ्यांपुढे येतात आणि आपण सौजन्याने हसतो. ह्या भेदाची कारणे पुष्कळ सांगता येतील. त्यांतले एक फार साधे आहे आणि मला तेच महत्त्वाचे वाटते. हौशी नटाला प्रयोगाची तारीख असते, हौशी चित्रकाराला ती नसते.

संगणकावर चित्र काढू पाहणाऱ्या, आणि काढता काढता थांबलेल्या, माणसांविषयी अलीकडे जे बोलले जाते ते ऐकताना हा भेद पुन्हा पुन्हा मनात येतो. अशी माणसे आता थोडीथोडकी नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत वर्ग पडद्यावर गेले तेव्हा अनेक शिक्षकांनी पेन-टॅबलेट नावाची ती काळी पाटी विकत घेतली. गणिताच्या मंडळींना समीकरणे लिहायची होती. मला वृत्ते शिकवताना अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायच्या होत्या, आणि माउसने काढलेला लघूचा अर्धचंद्र गांडुळासारखा दिसत होता. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले, पाट्यांचे काम संपले. पण त्या घरात राहिल्या, आणि ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या होत्या त्यांना त्या खुणावू लागल्या. मीरा रोड-भाईंदरच्या शिक्षकवर्गात माझ्या ओळखीचे असे सात-आठ जण तरी असतील. मी स्वतः त्यांत आहे. प्रत्येकाची कथा थोड्याफार फरकाने एकच. पहिले तीन आठवडे झपाटल्यासारखे जातात. मग रेषा मनासारखी उमटत नाही म्हणून नवे कुंचले, खरे तर कुंचल्यांच्या फायली, उतरवून घेतल्या जातात. मग ते कुंचले कसे वापरावेत ह्याच्या चित्रफिती पाहिल्या जातात. मग पाहणेच उरते. फोल्डरात पंचवीस-तीस अर्धवट चित्रे साठतात आणि पाटी पुन्हा कपाटात जाते, ह्या वेळी थोड्या अपराधी भावनेसह.

ह्याचा खुलासा दोन प्रकारे केला जातो. एक पक्ष यंत्राला दोष देतो. हे सगळे कृत्रिम, कागदाचा स्पर्श नाही, खरी कला हाताची. दुसरा पक्ष माणसाला दोष देतो. चिकाटी नाही, रियाज नाही, ‘प्रेरणा’ कमी पडते. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला थोडा कमी अमान्य, दुसरा अधिक.

कागदाकडे परत जा असे सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या शहरातला एका बेडरूम-हॉल-किचनचा संसार पाहावा. २०११ च्या जनगणनेतच मीरा-भाईंदरची वस्ती ८ लाख ९ हजारांच्या वर होती. त्यांतल्या कितीकांच्या घरी इझल उभे करायला कोपरा असेल? तैलरंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. जलरंगाचे ओले चित्र वाळत ठेवावे, तर त्याच टेबलावर मुलाचा अभ्यास आणि सकाळचे डबे. रात्री साडेदहाला, विरार लोकलचा शीण उतरवून आणि भांडी आवरून झाल्यावर जो पाऊण तास उरतो, त्यात पाणी, रंग, कागद मांडायचे आणि पुन्हा आवरायचे म्हटले तर मांडणे आणि आवरणे एवढेच होते. पाटीला ह्यातले काही लागत नाही. रंग संपत नाही, सांडत नाही, वाळावा लागत नाही. क्रितासारखे उत्तम सॉफ्टवेअर फुकट मिळते. ज्याला वेगळी खोली परवडत नाही त्याच्यावर ह्या साधनाचे उपकारच आहेत. कागदाच्या स्पर्शाचे काव्य बहुधा ज्यांच्या घरी जास्तीची खोली असते त्यांनाच सुचते.

साधनाच्या अडचणी आहेत, पण त्या भलतीकडेच दाखवल्या जातात. स्वस्त पाटीला पडदा नसतो. हात टेबलावर फिरतो आणि रेषा समोर उमटते. पहिल्या दिवशी हे फार विचित्र वाटते. परंतु कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश सरकवत हात चालवायचा, हा चित्रकलेच्या शिक्षणातला जुना अभ्यास आहे. किमॉन निकोलाइडीस ह्या अमेरिकन कलाशिक्षकाच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची सुरुवात तेथूनच होते. हात महिनाभरात शिकतो. पेनाचा दाब ओळखण्याच्या २०४८ पायऱ्या असल्याची जाहिरात असते. एचबी पेन्सिलीवर वाढलेला हात त्यांतल्या पाच-सहा वापरतो आणि तेवढ्यावर त्याचे भागते. पाटी निसरडी असल्यामुळे रेषा कापते, म्हणून सॉफ्टवेअरने रेषेच्या ‘स्थिरीकरणा’ची सोय दिली आहे. आपण काढलेली कापरी रेषा यंत्र किंचित मागे राहून सरळ आणि गोंडस करून देते. हा मात्र रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणावा लागेल. हौशी माणसाकडे स्वतःचे असे जे काही थोडेफार असते ते बहुधा त्या कापण्यातच असते. स्थिरीकरण वाढवत नेले की सगळ्यांची रेषा एकाच वळणाची होते, कित्त्यावरून गिरवलेल्या अक्षरासारखी.

सर्वांत खोल अडचण आहे ती ‘अन्डू’ची. फोटोशॉपमध्ये अनेक पावले मागे जाण्याची सोय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आली. आज आयपॅडवरील प्रोक्रिएटमध्ये पडद्यावर दोन बोटे टेकवली की शेवटची रेषा नाहीशी होते, आणि अशी २५० पावले मागे जाता येते. कागदावर चुकलेली रेषा राहते आणि तिचे काही तरी करावे लागते. ती जाड करावी लागते, तिला सावली समजावे लागते, तिच्याभोवती नवे काही रचावे लागते. रवींद्रनाथांच्या चित्रकलेचा उगमच मुळी खोडाखोडीत आहे. ‘पूरबी’च्या हस्तलिखितात खोडलेले शब्द त्यांनी रेषांनी एकमेकांना जोडले आणि त्यांतून पक्षी निघाले, कोठल्याही प्राणिशास्त्रात न सापडणारे प्राणी निघाले. १९२४ च्या अखेरीस अर्जेंटिनातील मुक्कामात व्हिक्टोरिया ओकाम्पोने ती पाने पाहिली, आणि १९३० मध्ये, रवींद्रनाथांच्या वयाच्या ६९ व्या वर्षी, पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले त्यामागे तिचीच खटपट होती. त्या वहीला अन्डू असते तर कवितेची पाने स्वच्छ राहिली असती आणि चित्रे झाली नसती.

तरीही अन्डूचा मुख्य परिणाम मला सौंदर्याचा वाटत नाही, काळाचा वाटतो. जे केव्हाही बदलता येते ते कधी पुरे होत नाही. त्याच्या जोडीला थर असतात. आकाश एका थरावर, होडी दुसऱ्या, माणूस तिसऱ्या. कोणताही थर केव्हाही उचलावा, झाकावा, पुसावा. निर्णय पुढे ढकलण्याची अशी कायमची सोय झाल्यावर तो घेतला कशाला जाईल? व्यावसायिक चित्रकाराला ही सोय बाधत नाही, कारण उद्या सकाळी ग्राहकाचा फोन येणार असतो. हौशी माणसाच्या मागे कोणी उभे नसते. माझ्या फोल्डरात उत्तनच्या किनाऱ्याचे एक चित्र आहे. पुढे बांबूंवर सुकत घातलेले बोंबील, मागे दोन होड्या. त्याचे ४१ थर झाले आहेत आणि आकाशाचा रंग अजून ठरलेला नाही. प्रत्यक्ष उत्तनला आकाश ह्या कामाला एवढा वेळ घेत नाही.

आता दुसरा पक्ष. ‘प्रेरणा’ हा शब्द आपण आतल्या झऱ्यासारखा वापरतो. तो आटला की माणूस थांबतो अशी आपली समजूत आहे. शब्दाची घडण मात्र निराळे सांगते. प्र आणि ईर्, म्हणजे पुढे लोटणे, हलवणे. लोटणारा कोणी तरी वेगळा असतो. ‘बसणे’चे ‘बसवणे’ करणाऱ्या प्रयोजक क्रियापदाच्याच जातीचा हा अर्थ आहे. आपल्या शासनाला तो अचूक कळला असावा. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो आणि प्रेरणा परिपत्रकाने पोहोचते. थट्टा राहू द्या, पण त्या दिवशी ग्रंथालयातली चार पुस्तके कपाटाबाहेर येतात हे कोणत्याही शिक्षकाने नाकारू नये. तारखेत काही तरी शक्ती असते.

थांबलेल्या हौशी चित्रकाराला जो उपदेश मिळतो तो बहुधा एकच असतो: रोज काढा. जेक पार्कर ह्या अमेरिकन चित्रकाराने २००९ मध्ये ऑक्टोबर महिनाभर रोज शाईने एक चित्र काढण्याचा परिपाठ सुरू केला. तो जगभर पसरला, आणि त्याच्या कित्येक नकला झाल्या. आपल्याकडे ह्या उपदेशाला संगीतातला ‘रियाज’ हा शब्द जोडला जातो, आणि मग काही बोलायची सोयच राहत नाही. येथे मला मीमांसकांनी केलेला कर्मांचा भेद उपयोगी वाटतो. नित्य, नैमित्तिक आणि काम्य. काम्य कर्म फळाच्या इच्छेने करायचे. नित्य कर्म रोज करायचे, आणि त्याची गंमत अशी की ते केल्याने वेगळे पुण्य लागत नाही, न केल्याने मात्र पाप लागते. नैमित्तिक कर्म निमित्त आले की करायचे. निमित्त नसेल तर त्याची आठवणही काढायचे कारण नाही.

‘रोज एक चित्र’ ह्या उपदेशाने घडते काय, तर हौस नित्यकर्माच्या रांगेत जाऊन बसते. नवव्या दिवशी मुलाला ताप येतो किंवा पेपरतपासणीचे गठ्ठे येतात, चित्र राहते, आणि मनाला न केल्याचा दोष चिकटतो. दहाव्या दिवशी दोन चित्रांची बाकी असते. विद्यार्थ्याला आणि व्यावसायिकाला नित्यकर्म शोभते, कारण त्यांचा दिवसच त्यासाठी असतो. ज्याने दिवसाचा उरलेला पाऊण तास आणला आहे त्याच्याकडून सूर्योपासना मागणे हा दुष्टपणा आहे. काम्य चित्रकलेविषयी, म्हणजे पसंतीचे अंगठे मोजत काढलेल्या चित्रांविषयी, फार लिहिण्याची गरज नाही. जत्रेला हौसे, नवसे आणि गवसे असे तिघे जातात म्हणतात; अंगठे मोजू लागलेला हौसा बघता बघता गवसा होतो एवढेच.

राहिले नैमित्तिक. आपल्याकडची सारी हौशी चित्रकला ह्याच वर्गात बसते. तिला कोणी चित्रकला म्हटले नाही म्हणून ती आपल्या हिशेबात येत नाही, इतकेच. चैत्रात गौर बसली की अंगणात चैत्रांगण काढायचे: शंख, चक्र, पद्म, कासव, नाग, गाईची पावले, सूर्य, चंद्र, पाळणा. नागपंचमीला पाटावर नाग. दिवाळीला दारात रांगोळी. काढणारी बाई स्वतःला कलावंत समजत नव्हती आणि तिला प्रेरणेचा प्रश्नही पडत नव्हता. तिथी होती, पाहायला शेजारीण होती, दुसऱ्या दिवशी केरसुणी होती. चिमटीतून पांढरी रेघ सुटली की सुटली. वाकडी गेली तर तिच्यातूनच पान काढायचे. वारल्यांचा लग्नचौकही असाच. लग्न ठरले की सवाशिणींनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा आणि त्यात पालघट देवी बसवायची. लग्न नसेल तर भिंत कोरी.

येथे जाणता वाचक जिव्या सोमा म्हशे ह्यांचे नाव पुढे करील, आणि त्याला तो अधिकार आहे. डहाणूकडच्या ह्या कलावंताने (२०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये निधन) बायकांच्या हातची आणि लग्नापुरती असलेली ती रेषा निमित्ताच्या बाहेर काढली. लग्न असो नसो, तो चित्रे काढीत राहिला आणि त्यामुळेच वारली चित्र जगापुढे गेले. म्हणजे निमित्ताचे बंधन तुटले म्हणूनच कला मोठी झाली, असे कोणी म्हणेल. मला हा आक्षेप खरा वाटतो, आणि तो पूर्णपणे मोडून काढता येईल असे वाटत नाही. फक्त दोन गोष्टी सुचवते. म्हशे हौशी राहिले नाहीत. चित्र हा त्यांचा दिवस झाला, आणि त्या दिवसाला नित्यकर्म शोभत होते. दुसरे असे की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हा चित्रकार त्या पाड्यांवर गेला, त्याने कागद आणि रंग दिले आणि चित्रे मागितली. मागणारा आला. एक निमित्त गेले तेव्हा दुसरे दारात उभे होते.

‘मागणारा’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मराठीत ह्याचे ठळक उदाहरण वसंत सरवटे ह्यांचे आहे (१९२७-२०१६). सरवट्यांना हौशी म्हणणे कोणाला औद्धत्याचे वाटेल. मी तो शब्द रंगभूमीवरच्या मानाने वापरते आहे. ते अभियंता होते, एसीसी ह्या सिमेंट कंपनीत नोकरी करीत होते, आणि त्यांचा संसार त्या नोकरीवर चालला होता. नोकरी करणाऱ्या माणसाने एवढी चित्रे, एवढी वर्षे, एवढ्या सातत्याने कशी काढली, ह्याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधता येईल. त्यांचा स्वभाव चिकाटीचा असणारच. पण मला ते उत्तर ‘ललित’च्या दिवाळी अंकांत दिसते. वर्षानुवर्षे त्या अंकांची मुखपृष्ठे त्यांनी काढली. दर दिवाळीला अंक निघणार म्हणजे मुखपृष्ठ लागणार. ते कोण पाहणार हे ठाऊक होते: पुस्तकांत रमणारा, लेखकांची थट्टा समजणारा मराठी वाचक. आकार ठरलेला, छपाईच्या मर्यादा ठरलेल्या, तारीख तर ठरलेलीच. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली चित्रे पाहा. तेथे मजकूर हेच निमित्त आहे आणि रेषा त्या मजकुराच्या मागून जात नाही, बरोबरीने चालते. सरवट्यांच्या रेषेत जे संभाषणाचे सुख आहे ते मला तरी ह्या मागणीतून आलेले वाटते. कोणी तरी विचारले आहे आणि त्याला उत्तर द्यायचे आहे, अशी ती रेषा आहे. अशा रेषेला ४१ थर लागत नाहीत.

डिजिटल साधनाने हे सुख मिळत नाही असेही नाही. डेव्हिड हॉकनी ह्या ब्रिटिश चित्रकाराने २००९ च्या सुमारास आयफोनवर अंगठ्याने फुले काढायला सुरुवात केली, आणि सकाळी काढलेले फूल तो मित्रांना पाठवून देई. मित्राच्या फोनवर फूल पोहोचायचे एवढेच निमित्त. त्यांचे प्रदर्शन २०१० मध्ये पॅरिसला झाले, ते नंतर. जगन्मान्य चित्रकाराने हौशी माणसाचा मार्ग इतक्या सहज धरावा आणि आपण हौशी माणसांनी व्यावसायिकांच्या कुंचल्यांच्या फायली गोळा कराव्यात, ह्यात काही तरी उलटे आहे.

येथवर मी साधनाची बाजू घेतली. आता त्याच्याविषयीची माझी खरी तक्रार सांगते. कागदाचा स्पर्श गेला ही ती तक्रार नव्हे. ह्या तंत्रज्ञानाने एका हाताने साधन दिले आणि दुसऱ्या हाताने निमित्त काढून घेतले, ही ती तक्रार आहे.

मराठी विभागाचे भित्तिपत्रक ही आपल्या सर्वांच्या परिचयाची वस्तू. जिन्याजवळचा फळा, त्यावर कार्डशीट, डाव्या कोपऱ्यात संपादकीय, मध्यभागी कविता, आणि वर शीर्षक. ते शीर्षक कोण काढीत असे ते आठवून पाहावे. वर्गात पहिला येणारा नव्हे. मागच्या बाकावरचा, परीक्षेत बेताचे गुण मिळवणारा, पण इंटरमिजिएटला ‘अ’ श्रेणी असलेला कोणी मुलगा किंवा मुलगी. २७ फेब्रुवारीच्या आधी आठ दिवस त्याला नावाने हाक मारली जाई. कटनिब, पोस्टर कलर, पट्टी घेऊन तो विभागात बसे. चौकटी आखून छायाचित्रावरून कुसुमाग्रज काढी. त्याने काढलेले कुसुमाग्रज पुष्कळदा शिरवाडकरांसारखे दिसत नसत, हे खरे. पण तीन वर्षांत त्या मुलाला विभागाने जे दिले त्यांत माझ्या व्याख्यानांपेक्षा त्या फळ्याचा वाटा मोठा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. तो फळा ही त्याच्या प्रयोगाची तारीख होती.

२०१३ पासून कॅन्व्हा आले. तयार साचे आले. २०२२ पासून दोन ओळी टंकल्या की चित्र करून देणारी यंत्रे आली. आता भित्तिपत्रकाचे शीर्षक, कार्यक्रमाचे पत्रक, वार्षिकाचे मुखपृष्ठ, सगळे दहा मिनिटांत होते आणि, हेही मान्य केले पाहिजे, नीटनेटके होते. कुसुमाग्रज हुबेहूब दिसतात, मागे सूर्यकिरणेही असतात. फक्त कोणाला हाक मारावी लागत नाही. हेच सोसायटीच्या गणपतीच्या फलकाचे झाले, लग्नपत्रिकेचे झाले. दाराच्या रांगोळीचे तर चिकटपट्टीने फार पूर्वीच झाले. मार्च २०२५ मध्ये लोकांनी आपली कौटुंबिक छायाचित्रे जपानी जिब्ली चित्रपटांच्या धाटणीत यंत्राकडून करून घेतली तेव्हा आमच्या शिक्षककक्षातही सर्वांचे फोन फिरले. एवढी चित्रे एका आठवड्यात त्या खोलीने कधी पाहिली नसतील, आणि त्यांतली एकही रेषा कोणी काढलेली नव्हती. ह्यावर माझे एक सहकारी म्हणतात की जे यंत्र चांगले करते ते माणसाने वाईट का करावे. ग्राहकाच्या दृष्टीने ह्या प्रश्नाला उत्तर नाही. पण भित्तिपत्रकाला ग्राहक नसतो. त्यावरच्या कविताही काही मराठीतल्या सर्वोत्तम कविता नसतात. म्हणून त्या जागी आपण मर्ढेकर चिकटवत नाही.

शाळेत जे निमित्त उरले आहे ते काम्य आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीच्या निकालात ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे परीक्षेला बसणारे पुष्कळ. दहावी झाली की रंगपेटी धाकट्या भावंडाकडे जाते. तरी त्या परीक्षेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, ती म्हणजे स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका. समोर काही नाही. बाजार, बसथांबा, सणाची तयारी असा काही विषय, आणि जे पाहिले आहे त्यातून काढायचे. भाजीवालीचा हात तराजूपाशी कसा वळतो हे ज्याने पाहिले नसेल त्याला ते खोटे काढावे लागे, आणि खोटे लगेच दिसे. पाटीवर बसलेला हौशी चित्रकार आज पहिली गोष्ट करतो ती इंटरनेटवर नमुन्याची छायाचित्रे शोधण्याची. बसथांबा हवा, तर परदेशातला सुबक बसथांबा मिळतो. भाईंदर स्टेशनबाहेरचा, ज्याच्यापाशी तो रोज वीस मिनिटे उभा असतो, तो चित्रात येत नाही. पुढे पुढे त्याला आपल्याला काय काढायचे होते हेच आठवेनासे होते, आणि त्याला तो प्रेरणा संपणे असे नाव देतो.

आमच्या विभागात ह्या वर्षी २७ फेब्रुवारीच्या भित्तिपत्रकासाठी एक नियम केला. तयार साचा नको, यंत्राने करून दिलेले चित्र नको. कागद, पाटी, फोन, काहीही चालेल, पण रेषा हाताची हवी आणि विषय ह्या शहरात स्वतः पाहिलेला हवा. सकाळी आठला फळा लागेल, त्यानंतर आलेले घेतले जाणार नाही. पाच चित्रे आली. त्यांतले दोन कागदावर, तीन फोनवर बोटाने काढून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली. मिठागराचे एक आहे. त्यातले मिठाचे ढीग बर्फासारखे झाले आहेत. जेसल पार्कच्या खाडीकाठून दिसणाऱ्या रेल्वेपुलाचे एक आहे, द्वितीय वर्षाच्या एका मुलाने रात्री बाराला काढायला घेतलेले. फळ्यापाशी गर्दी असताना नायगावहून येणाऱ्या एका मुलीने पुलाचे खांब मोजले आणि एक कमी असल्याचे त्याला सांगितले. ती रोज त्यावरून येते. तो म्हणाला, ठाऊक आहे, पण छापायला द्यायची वेळ झाली होती. पुढच्या भित्तिपत्रकात तो पूल पलीकडून, नायगावच्या बाजूने, काढून आणते असे तिने सांगितले आहे. ते १ मेला लागेल.